विषय येतो, मग प्रशिक्षणात शिकायचं काय?

शिक्षक होऊ पाहणाऱ्या एका पदवीधराचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विज्ञानाची पदवी झाली आहे, गुण चांगले आहेत, आणि माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायचं मनात आहे. विषय येत असताना शिक्षक-प्रशिक्षणात नवीन काय मिळणार? दोन्ही विषय घ्यावेत की एकच? आणि संस्था निवडताना काय बघावं? छात्राध्यापकांचे, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांचे, पाठ वर्गाच्या मागच्या बाकावर बसून बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या भरवशावर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लांबेल, कारण त्यातलं ‘विषय येतो’ हे आधी तपासून घ्यावं लागेल. कागद घ्या आणि पावणेदोनला अर्ध्याने भागा. उत्तर साडेतीन, हे तुम्ही चुटकीसरशी सांगाल. आता असं एक शाब्दिक उदाहरण तयार करा, की जे सोडवायला नेमका हाच भागाकार करावा लागेल. नव्या तुकडीला मी हे पहिल्याच आठवड्यात करायला देते. ‘पावणेदोन मीटर फीत दोघांत सारखी वाटली’ असं लिहिणारे भरपूर निघतात. पण ते दोनने भागणं झालं, अर्ध्याने नव्हे. ‘पावणेदोन मीटर फितीतून अर्ध्या अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील’ हे चालेल. ‘अर्धी टाकी भरायला पावणेदोन तास लागतात, तर पूर्ण टाकीला किती’ हेही चालेल, आणि गंमत म्हणजे या दोन उदाहरणांत भागाकाराचा अर्थ वेगवेगळा आहे. पहिल्यात आपण तुकडे मोजतो, दुसऱ्यात एका पूर्ण एककाचा वाटा काढतो. व्यस्त करून गुणायचं, एवढंच ज्याला येतं त्याला हा फरक दिसलेला नसतो. मग ‘भागाकार केला तर उत्तर मोठं कसं आलं?’ असं एखाद्या मुलीने विचारलं की तो नियमच पुन्हा, जरा मोठ्या आवाजात सांगतो.

हे उदाहरण माझं नाही. लिपिंग मा या संशोधिकेच्या अभ्यासात ते अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना दिलं होतं. तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं, आणि अर्थाला धरून शाब्दिक उदाहरण रचता आलं ते फक्त एकाला. चिनी शिक्षकांपैकी सगळ्यांचा भागाकार बरोबर होता आणि दहातल्या नऊ जणांना उदाहरणही रचता आलं. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की औपचारिक शिक्षणाची वर्षं मोजली तर चिनी शिक्षकच कमी शिकलेले होते. पदवीतलं उच्च गणित आणि शाळेतल्या गणिताची खोल जाण ही एकाच वाटेवरची पुढची-मागची ठिकाणं नाहीत, हे यातून कळतं. १९८६ साली ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी हीच गोष्ट सैद्धांतिक भाषेत मांडली: विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याची सर्वसाधारण तंत्रं यांच्याखेरीज शिक्षकाकडे तिसऱ्या प्रकारचं ज्ञान असतं. हा विशिष्ट घटक मुलांना कुठे अडतो, का अडतो, आणि तो कोणत्या उदाहरणाने, कोणत्या आकृतीने सुटतो, याचं ते ज्ञान. तुमच्या पदवीत ते कोणी शिकवलेलं नाही. प्रशिक्षणात शिकायचं ते मुख्यतः हेच. बाकी गोष्टी त्यामानाने लवकर जमतात.

या ज्ञानाची सुरुवात चुका वाचण्यापासून होते. ‘०.४५ आणि ०.६ यांतली मोठी संख्या कोणती?’ असं विचारलं की काही मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. दशांशचिन्हाच्या पुढचा भाग ती पूर्ण संख्येसारखा वाचतात. आता हाच प्रश्न ०.६५ आणि ०.४ असे आकडे घालून विचारा. तीच मुलं बरोबर उत्तर देतील, तेही त्याच चुकीच्या रीतीने. म्हणजे तुमच्या चाचणीत दुसऱ्या प्रकारची दहा उदाहरणं असली तर या मुलांनाही पैकीच्या पैकी मिळतील आणि तुम्ही निश्चिंत मनाने पुढच्या धड्याकडे वळाल. याच्या अगदी उलट समज असलेली मुलंही भेटतात: दशांशस्थळं जितकी जास्त तितकी संख्या लहान, कारण शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो. त्यांना पकडायला ०.६५ आणि ०.४ हीच जोडी लागते. तेव्हा उदाहरणातले आकडे सहज सुचले म्हणून घालायचे नसतात. कोणती चूक उघडी पाडायची, ते ठरवून ते निवडावे लागतात. प्रशिक्षणात तुम्हाला प्रश्नपत्रिकेचा आराखडा, संविधान तक्ता (कोणत्या घटकावर कोणत्या प्रकारचे किती प्रश्न, याचा तक्ता), गुणभार वगैरे करायला लावतील. ते करा. पण एका घटकावर असे पाच प्रश्न तयार करायला शिकलात, की ज्यांत प्रत्येक चुकीच्या उत्तरामागचा विचार तुम्हाला आधीच ठाऊक आहे, तर तो कागद तुम्हाला पुढे कितीतरी वर्षं पुरेल.

मोठ्या वयातही या समजुती सुटत नाहीत. ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ हे विधान समीकरणात लिहा. विद्यार्थ्यांची संख्या ‘व’ आणि प्राध्यापकांची ‘प’ धरा. जॉन क्लेमेंट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिलं, तेव्हा ३७ टक्के चुकले. बरोबर समीकरण व = ६प. बहुतेकांची चूक एकच होती: ६व = प. अक्षर म्हणजे संख्या हे न धरता ‘व’ म्हणजे एक विद्यार्थी असं त्यांनी धरलं. आता आठवून बघा, बीजगणित शिकवताना ‘अ म्हणजे आंबे, क म्हणजे केळी, आंबे आणि केळी एकत्र मिळवता येत नाहीत’ ही क्लृप्ती किती ठिकाणी वापरली जाते. तो तास सोपा होतो खरा, पण तिची किंमत दोन वर्षांनी दुसरा कोणी शिक्षक मोजतो.

विज्ञानात हे सगळं आणखी चिवट होतं, कारण तिथे मूल शाळेत येण्याआधीच स्वतःचे सिद्धांत तयार करून आलेलं असतं, आणि ते सिद्धांत रोजच्या अनुभवाशी जुळतातही. सूर्याच्या जवळ गेलो की उन्हाळा, ही समजूत घ्या. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत ती सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर जाते. छात्राध्यापक हे आकडे मोठ्या उत्साहाने फळ्यावर लिहितात आणि गैरसमज मिटला असं मानतात. मुलं आकडे उतरवून घेतात आणि समजूत जपून ठेवतात. त्याऐवजी असा प्रश्न टाका: ‘एकाच महिन्यात उत्तर गोलार्धात उन्हाळा आणि दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. पृथ्वी तर एकच आहे. मग अंतरामुळे हे कसं होईल?’ इथे मुलाच्या सिद्धांतालाच उत्तर देता येत नाही, आणि पृथ्वीचा आस कललेला असण्याबद्दल बोलायला जागा होते.

विद्युतधारेचं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण प्रशिक्षणातली पुष्कळशी कौशल्यं त्यात एकदम लागतात. दिव्यात धारा ‘खर्च’ होते आणि उरलेली परत सेलकडे जाते, असं मुलांना वाटतं. तुम्ही ‘एकसर जोडणीत धारा सर्वत्र सारखी’ हे वाक्य लिहून दिलंत तर परीक्षेत तेच वाक्य येईल, पण समज बदलणार नाही. म्हणून आधी परिपथ दाखवा, दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे धारा किती असेल याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहायला लावा, कारणासकट. लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. वहीत अंदाज नसलेला मुलगा निकाल बघून ‘मला माहीतच होतं’ म्हणतो आणि त्याच्या डोक्यात काहीच हलत नाही. मग अ‍ॅमीटर लावा. इथे खाचखळगा आहे. शाळेतले दोन अ‍ॅमीटर सहसा एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. अलीकडचा ०.३० आणि पलीकडचा ०.२८ अँपिअर दाखवू लागला, की वर्ग आनंदाने ओरडतो, ‘बघा, खर्च झाली!’ म्हणून एकच अ‍ॅमीटर दोन्ही ठिकाणी लावून दाखवा, किंवा दोन्हींची अदलाबदल करा आणि फरक दिव्याबरोबर राहतो की मीटरबरोबर जातो ते मुलांनाच शोधू द्या. यानंतर एक प्रश्न येणारच: ‘धारा खर्च होत नाही, तर मग सेल संपतो कशाने?’ हा प्रश्न आला म्हणजे पाठ चांगला चालला आहे. प्रभार तेवढाच फिरतो, सेलमधली रासायनिक ऊर्जा मात्र दिव्यात उष्णता आणि प्रकाश होऊन बाहेर पडते. हे उत्तर आदल्या रात्री स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलेलं असावं. उभ्या उभ्या सुचत नाही.

आता पाठ टाचणाबद्दल, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्याबद्दल. टाचणांचे नमुने संस्थेगणिक वेगळे असतात: उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन. बरेच छात्राध्यापक विद्यार्थीकृतीच्या रकान्यात ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील’ किंवा ‘विद्यार्थी उत्तर देतील’ असं लिहून मोकळे होतात. खरं तर तोच रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाला येऊ शकणारं बरोबर उत्तर, अर्धवट उत्तर आणि चुकीचं उत्तर तिथे लिहा, आणि प्रत्येकावर तुम्ही पुढे काय विचाराल तेही. एका पाठात असे तीनच प्रश्न नीट तयार झाले तरी पुष्कळ. बाकीचं टाचण थोडं कमी सुबक झालं तर बिघडत नाही, मार्गदर्शक रागावले तरी.

सूक्ष्म अध्यापनाला नाकं मुरडण्याची पद्धत आहे. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेली ही रीत: पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ, एकच कौशल्य, लगेच प्रत्याभरण (काय जमलं, काय नाही ते सांगणं), आणि तोच पाठ पुन्हा. सहाध्यायी शाळकरी मुलांचं सोंग घेऊन समोर बसतात, हा तिचा कच्चा दुवा. ते खोट्या चुका करतात, खऱ्या चुका त्यांना सुचत नाहीत. तरीही फळा वापरणं, प्रश्न विचारणं आणि थांबणं, या तीन गोष्टींसाठी मी ती सोडणार नाही.

थांबण्याबद्दल तर विशेष. मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असं आढळलं. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, न विचारता स्वतःहून बोलण्याचं प्रमाणही वाढलं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पहिल्या सराव पाठात ते युगासारखे वाटतील. मोबाइलवर स्वतःचा पाठ ध्वनिमुद्रित करा आणि घरी फक्त प्रश्नानंतरची शांतता मोजा. हे केल्यावर बहुतेकांचं अर्धं काम होतं.

वर्ग शांत कसा ठेवायचा, याची नव्या लोकांना सगळ्यात जास्त धास्ती असते आणि मला त्यावर फार बोलायचं नाही. साहित्य हातात देण्याआधी सूचना द्या, नंतर नाही. मुलांच्या हातात भिंग आलं की तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. काय करायचं ते नीट न कळल्यामुळेही बराच गोंगाट होतो.

प्रयोगशाळेकडे मात्र प्रशिक्षणाच्या काळात हात धुऊन लागा, विशेषतः तुम्ही गणिताकडून येत असाल तर. प्रत्येक प्रयोग वर्गात नेण्याआधी त्याच साहित्याने, त्याच खोलीत स्वतः करून बघा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. पानातलं हरितद्रव्य काढताना अल्कोहोल थेट ज्योतीवर कधीच तापवायचं नाही, गरम पाण्याच्या पात्रातच तापवायचं, तेही ज्योत विझवून. परीक्षानळीचं तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे नको. या गोष्टी पुस्तकात असतात, पण चाळीस मुलं भोवती असताना त्या हाताला आपोआप आठवाव्या लागतात.

आणि प्रयोगाचे आकडे वाचायला शिका. एक मीटर लांबीच्या साध्या लंबकाचा आवर्तकाल जवळजवळ दोन सेकंद असतो, म्हणजे वीस दोलनांना सुमारे ४० सेकंद. एखाद्या गटाचा वेळ ३८ सेकंद आला आणि त्यावरून गुरुत्व त्वरण सुमारे १०.९ निघालं, तर ‘पुन्हा करा’ एवढंच म्हणून पुढे जाऊ नका. त्यांच्या शेजारी उभं राहून मोजणी ऐका. बहुधा लंबक सोडताक्षणी त्यांनी ‘एक’ म्हटलेलं असतं, ‘शून्य’ नव्हे. वीस म्हणेपर्यंत दोलनं एकोणीसच झालेली असतात. चूक आकड्यातच दडलेली होती. ९.८ येईपर्यंत आकडे घोटवून घेणारा शिक्षक मुलांना विज्ञानाऐवजी हिशेब जुळवायला शिकवतो.

आता दुसरा प्रश्न: दोन्ही विषय की एकच? जमत असेल तर दोन्ही घ्या, असंच मी सांगेन. आलेख गणिताच्या तासाला नीट काढणारी मुलं वेग-काळ आलेखाचा चढ म्हणजे त्वरण हे विज्ञानाच्या तासाला ओळखत नाहीत. तोच शिक्षक दोन्हीकडे असला तर त्याला ती भिंत दिसते आणि पाडताही येते. घनतेचं किंवा ओहमच्या नियमाचं सूत्र त्रिकोणात लिहून हवी ती राशी बोटाने झाकायची युक्ती मी माझ्या छात्राध्यापकांना वापरू देत नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच राशीने भागता येतं हे मूल गणितात शिकलं आहे, ते इथे वापरायचं सोडून तिसरंच काही का पाठ करायचं?

पण दोन्ही शिकवणाऱ्याने एक भान सांभाळायला हवं. या दोन विषयांत खात्री पटण्याची रीत वेगळी आहे. वर्गातल्या सगळ्यांनी त्रिकोण काढून कोन मोजले आणि बेरजा १७९, १८०, १८१ अशा आल्या, तर विज्ञानाच्या नजरेने तो उत्तम निकाल आहे: मापनातली त्रुटी धरून बेरीज १८०. गणितात मात्र तो पुरावा नव्हेच. तिथे समांतर रेषा काढून युक्तिवाद करावा लागतो, आणि एकदा केला की पुढचा त्रिकोण मोजायची गरजच उरत नाही. उलट विज्ञानात कितीही वेळा निकाल जुळला तरी ‘सिद्ध झालं’ म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी. सकाळी भूमिती आणि दुपारी भौतिकशास्त्र घेणारा शिक्षक हे स्पष्ट बोलला नाही, तर मुलं दोन्हीकडे ‘सरांनी सांगितलं म्हणून’ यावर येऊन थांबतात. जीवशास्त्राच्या पदवीधरांना दोन्ही विषय जड जातात, ही भीती खरी असते. त्यांनी पहिल्या सत्रात गणिताचे पाठ जास्त मागून घ्यावेत, टाळू नयेत.

संस्था निवडताना इमारत आणि संगणक कक्ष बाजूला ठेवा. खऱ्या वर्गावर सलग किती आठवडे मिळतात ते विचारा. आज या वर्गावर एक पाठ आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच शाळेत दुसरा, असे विखुरलेले पाठ मोजणीला पुरतात, पण आपण शिकवलेलं मुलांच्या डोक्यात पंधरा दिवसांनी काय उरलं हे त्यातून कळत नाही. तुमचा पाठ बघायला तुमच्या विषयाची व्यक्ती येते का, तेही विचारा. भाषेचे प्राध्यापक तुमचा आवाज आणि फळ्यावरचं अक्षर तपासतील, धनऋण चिन्हाबद्दल तुम्ही दिलेलं चुकीचं कारण त्यांच्या लक्षात येणार नाही. पाठानंतर चर्चा होते का आणि कशावर होते? जपानमध्ये पाठ-अभ्यासाची जुनी परंपरा आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात आणि नंतर कोणतं मूल कुठे अडलं यावर बोलतात. शिक्षकाचे गुणदोष काढण्यासाठी ती बैठक नसते. याची थोडीशी जरी सवय जिथे असेल ती संस्था चांगली. सध्या तिथे शिकणाऱ्या कोणाकडून तपासून आलेलं एखादं टाचण मागून बघा. समासात फक्त ‘छान’ आणि ‘फलकलेखन सुधारा’ असेल, की कुठल्या मुलाच्या उत्तराबद्दल काही लिहिलं असेल, त्यावरून बरंच समजतं.

वर्ग सुरू व्हायला अजून काही आठवडे असतील, तर शालेय पाठ्यपुस्तकं आणा, माध्यमिकच्या दोन इयत्ता आधीपासूनची, आणि प्रत्येक स्वाध्याय स्वतः सोडवा. शेजारी ‘का’ असा एक रकाना ठेवा. जिथे तो रिकामा राहतो तिथे खूण करा. गुणोत्तर-प्रमाण आणि सम-व्यस्त चलन आधी घ्या. घनता, वेग, संहती, रोध, सगळीकडे तेच लागतं.